पुणे-नागपूर: रात्रीची गाडी, ट्रॅव्हल्स की विमान?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची तिकिटं बघून लोकांचे डोळे पांढरे झाले. मग ६ डिसेंबरला केंद्र सरकारने भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० आणि पुढे १५ आणि १८ हजार. पुणे-नागपूर आणि मुंबई-नागपूर दोन्ही त्या बारा हजारवाल्या पट्ट्यात येतात, म्हणजे सरकारने लगाम लावल्यावरसुद्धा एका बाजूचे बारा हजार, वर कर वेगळे. तेव्हा आमच्या विदर्भवाल्यांच्या ग्रुपवर तोच जुना वाद परत पेटला, जो दर दिवाळीला पेटतो: रेल्वेचं वेटिंग किती सरकतं, ट्रॅव्हल्सवाले लुटतात का, समृद्धी झाल्यावर बसच बरी का, आणि विमानाचं तिकीट नेमकं कधी काढायचं.

तर हे सगळं एकदा नीट, सोप्या भाषेत. उदाहरण पुणे-नागपूरचंच घेतो, कारण मला तेच माहितीये आणि पुण्यात राहणाऱ्या निम्म्या विदर्भाचा तोच प्रश्न आहे, पण यातलं बरंचसं मुंबई-नांदेड किंवा पुणे-गोंदियालाही तसंच लागू पडतं.

जागा कमी पडली की कोण काय करतं

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी जायचंय सगळ्यांना, जागा तेवढ्या नाहीत. मग कोणाला जागा द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे.

रेल्वे रांग लावते. साध्या मेल-एक्सप्रेसचं भाडं दिवाळी असो की श्राद्धपक्ष, तेच राहतं, पुण्याहून नागपूर स्लीपरला पाचशेच्या आसपास आणि थर्ड एसीला तेराशेच्या आसपास. भाव वाढत नाही म्हणून रांग वाढते, त्या रांगेचंच नाव वेटिंग लिस्ट. विमान कंपनी उलटं करते, रांग लावतच नाही, भाव वाढवत जाते आणि ज्याला परवडत नाही तो आपोआप गळतो. याला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात, म्हणजे मागणीप्रमाणे हलणारा भाव. ट्रॅव्हल्स या दोघांच्या मधे आहे, भाव वाढवते पण एका हद्दीपर्यंतच, कारण त्यांच्याकडे अजून एक युक्ती आहे जी बाकी दोघांकडे नाही, जास्तीची बस काढायची.

ही युक्ती किती मोठी आहे ते बघा. एलएचबी म्हणजे नव्या पद्धतीच्या डब्यांच्या थर्ड एसीत ७२ बर्थ, स्लीपरमधे ८०. वीस-बावीस डब्यांची गाडी म्हणजे ढोबळ हजार-बाराशे माणसं एका फेरीत. नेहमीच्या एअरबस ए-३२० मधे १८० च्या आसपास सीट, आणि स्लीपर कोच बसमधे तीस-छत्तीस. म्हणजे एक गाडी भरून माणसं हलवायला सहा-सात विमानं किंवा तीसेक बस लागतात. पण जास्तीची गाडी सोडायला रूळ मोकळा लागतो आणि भुसावळ-वर्धा पट्टा हावड्याच्या मेन लाइनवर आहे, तिथं आधीच मालगाड्यांची रीघ. बसला फक्त रस्ता आणि ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर कुठून येतो याकडे पुढे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी गोष्ट तीच आहे.

एक अपवाद इथंच सांगतो. मुंबई-नागपूर दुरांतोला फ्लेक्सी फेअर आहे. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांमधे दर १० टक्के बर्थ भरले की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, सुरुवातीला जास्तीत जास्त दीडपटीपर्यंत, आता १.४ पटीपर्यंत. म्हणजे दुरांतो अर्धी विमानासारखी वागते, त्यामुळे तिचं तिकीट उशिरा काढून विदर्भ एक्सप्रेसशी तुलना केली की दुरांतो महाग वाटते, पहिल्या दिवशी काढलं तर फरक एवढा राहत नाही.

विमानाचं भाडं शेवटी उतरत का नाही?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय. तर्क बरोबर वाटतो: मंडईत संध्याकाळी आठ वाजता कोथिंबिरीची जुडी पाच रुपयाला मिळते, कारण उद्या ती सुकणार. मग विमानाची रिकामी सीटही उड्डाणानंतर कवडीमोल आहे, तर शेवटच्या दिवशी स्वस्त का देत नाहीत?

कारण मंडईत रात्री आठला येणारा माणूस स्वस्ताईसाठीच आलेला असतो, नाही मिळाली तर कोथिंबिरीवाचून घरी जातो. उद्याचं विमान आज शोधणारा माणूस मात्र अडलेला असतो. कोणाच्या घरी कोणी आजारी आहे, कोणाचा इंटरव्ह्यू आहे, कोणाची कंपनी पैसे देणार आहे. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती एकाच विमानातल्या सीटचे आधीच गट पाडून ठेवते, पहिल्या काही सीट स्वस्त, त्या संपल्या की पुढचा गट महाग, असं शेवटपर्यंत. शेजारी बसलेल्याने चार हजार भरले आणि तुम्ही नऊ, हे असंच होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सणासुदीला विमानाचं भाडं उतरेल म्हणून वाट बघणं म्हणजे बहुतेक वेळा तोटा. दोन, बिनसणाच्या मंगळवारी-बुधवारी तीन-चार आठवडे आधी बघितलं तर विमान कधीकधी सेकंड एसीच्या बरंच जवळ येतं, आणि लोक तेव्हा बघतच नाहीत कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की विमान महाग. नागपूरच्या बाबतीत अजून एक लक्षात ठेवा, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, त्या आठवड्यात मुंबईहून आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेवाले सगळे तिकडेच निघालेले असतात. त्या आठवड्यात घरचं लग्न काढू नका.

वेटिंग ४० आहे, होईल का?

आकड्यापेक्षा आकड्याच्या आधीची अक्षरं बघा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल वेटिंग, गाडी जिथून सुटते तिथल्या मोठ्या कोट्यातली रांग, ती सगळ्यात जास्त सरकते. पीक्यूडब्ल्यूएल (पूल्ड वेटिंग) आणि आरएलडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातल्या रांगा, त्या कमी सरकतात कारण मुळात त्या कोट्यात बर्थच थोडे असतात, चार जणांनी रद्द केलं तर चारच जागा होणार. टीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तात्काळचं वेटिंग, त्याचा नाद सोडा. म्हणून जनरल वेटिंग ४० होऊ शकतं आणि पूल्ड वेटिंग १२ तसंच लटकून राहू शकतं.

याचा सरळ उपयोग असा की जी गाडी पुण्यात सुरू होऊन नागपूरला किंवा अजनीला (नागपुरातलंच दुसरं स्टेशन) संपते, उदाहरणार्थ गरीबरथ, तिथं आपला कोटा मोठा. आझाद हिंदसारखी हावड्याला जाणारी गाडी असेल तर तिथं लांबच्या प्रवाशांचा वाटा मोठा आणि नागपूरवाले मधलेच.

आरएसी म्हणजे अर्धी जागा, साईड लोअरवर दोघांनी बसायचं. कोणी आलं नाही तर पूर्ण बर्थ मिळतो. पण आरएसीवर गाडीत चढता येतं, वेटिंगवर नाही. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, किरकोळ कपात होऊन पैसे परत. खिडकीवरून काढलेलं कागदी वेटिंग तिकीट घेऊन स्लीपरमधे चढायची जी जुनी सवय होती तीही मे २०२५ पासून कडक तपासणी सुरू झाल्याने महागात पडते, दंड भरून जनरलमधे जावं लागतं.

२०२४-२५ पासून बदललेल्या ज्या गोष्टी घरच्या मोठ्यांना अजून माहिती नसतात त्या भरभर सांगतो. आगाऊ बुकिंग आता १२० नाही तर ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि तात्काळ एसीचं सकाळी १० ला, बिनएसीचं ११ ला, आदल्या दिवशी. आणि पूर्वी गाडी सुटायच्या चार तास आधी लागणारा चार्ट आता आठ-दहा तास आधी लागतो. हा शेवटचा बदल मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण संध्याकाळच्या गाडीचं वेटिंग झालं नाही हे आता सकाळीच कळतं आणि ट्रॅव्हल्स शोधायला अख्खा दिवस हातात राहतो. पूर्वी दुपारी दोनला कळायचं आणि तोवर बसचे भाव गगनाला.

पण विमान सव्वा-दीड तासात पोचवतं ना

लोहगावहून उडून सोनेगावला उतरेपर्यंत, हो. आता वाकड-हिंजवडीतून लोहगावला संध्याकाळी निघून बघा. दीड तास धरा. बॅग टाकायची असेल तर काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं म्हणून दोन तास आधी पोचायचं. उतरल्यावर पट्ट्यावर बॅग यायला वीस मिनिटं, आणि घर जर नागपुरातच मनीषनगरला असेल तर छान, पण वर्ध्याला असेल तर पुढे अजून दीड-दोन तास. सगळं मिळून सहा-सात तास होतात.

मग गाडीचे चौदा-पंधरा तास दुप्पट झाले ना? घड्याळाने झाले. पण मी वेगळं मोजतो, जागेपणीचे तास. संध्याकाळी सहाला गाडीत बसलात, नऊला डबा खाल्ला, दहाला आडवे झालात, सकाळी सातला उठलात, नऊला उतरलात. जागेपणीचे गेले पाच-सहा तास, त्यातही तीन तास फोन बघण्यात जे घरीही गेलेच असते. विमानाचे सहा-सात तास पूर्ण जागेपणीचे, रांगेत उभं राहून, ट्रॅफिकमधे, आणि बरेचदा अर्धी सुट्टी टाकून. म्हणजे नीट झोप लागत असेल तर रात्रीची गाडी विमानापेक्षा कमी वेळ घेते असं मी म्हणतो आणि त्यावर मला बरेच जण वेडा ठरवतात. झोपच लागत नसेल, घोरणाऱ्यांचा त्रास होत असेल, तर अर्थातच हा हिशेब उलटा होतो.

दुसरं म्हणजे तुमचं गाव कुठंय. पुण्याची गाडी दौंड-मनमाड-भुसावळ करत अकोला, बडनेरा, धामणगाव, वर्धा असं करत नागपूरला जाते. यवतमाळवाल्याने विमानाने नागपूरला उतरायचं आणि मग दीडशे किलोमीटर मागे यायचं, त्यापेक्षा धामणगावला उतरून एसटी पकडावी. अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मधे सुरू झालं खरं, पण सुरुवात झाली ती मुंबईच्या छोट्या एटीआर विमानाने, पुणेकरांचं बडनेराच बरं. उलट अडचण अकोल्यावाल्यांची, त्यांचं स्टेशन पहाटेच्या भलत्या वेळी येतं. १३९ वर फोन करून डेस्टिनेशन अलर्ट लावता येतो, स्टेशन यायच्या आधी फोन वाजतो, तरी आपला अलार्म वेगळा लावाच.

आणि वंदे भारत? ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झालीय, ८८१ किलोमीटर, बारा तास, बसून, दिवसा. गाडी चांगली आहे, वेळ पाळते, पण वरच्या हिशेबाने बघितलं तर ती जागेपणीचे बाराच्या बारा तास खाते. सुट्टीचा अख्खा दिवस गेला. ज्यांना रात्रीच्या प्रवासाची धास्ती आहे, लहान मुलं आहेत किंवा गाडीत बसून लॅपटॉपवर काम उरकता येतं त्यांच्यासाठी ठीक.

समृद्धी झालाय, आता ट्रॅव्हल्सच बरी की

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत.

फायदे आधी. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, डिसेंबर २०२२ मधे नागपूर-शिर्डी टप्पा उघडला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मधे. पुण्याच्या बस अहिल्यानगर करत छत्रपती संभाजीनगरला जाऊन तिथून समृद्धीवर चढतात. रस्त्याने पुणे-नागपूर अंतर सातशेवीसच्या आसपास आणि रेल्वेने ८९० च्या आसपास, कारण रेल्वे मनमाडचा वळसा घालते, त्यामुळे इथं बस खरोखर गाडीच्या आधी पोचू शकते. शिवाय बस निगडी, वाकड, संगमवाडी, खराडी, वाघोली अशी घराजवळ उचलते आणि तिकडे वाडी, रविनगर, बैद्यनाथ चौक असं सोडते. तिकीट आज संध्याकाळचं आज दुपारी मिळतं. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच लोक जातात, त्यात मीही आलो.

आता भाव. एप्रिल २०१८ चा राज्य सरकारचा निर्णय आहे की खाजगी बसला एसटीच्या तशाच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. दिवाळीत तीन-चार हजार मोजणाऱ्या किती जणांना हे माहिती असतं? तक्रार आरटीओकडे करायची असते, तिकिटाचा स्क्रीनशॉट, बसचा नंबर, तारीख एवढं लागतं. पण लोक गावी पोचले की विसरतात आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

बसच्या नंबरवरून आठवलं, पुणे-नागपूर बसला नागालँड नाहीतर अरुणाचलची पासिंग का असते असं लोक विचारतात. खाजगी बसचं परमिट हे काँट्रॅक्ट कॅरेजचं असतं, म्हणजे कायद्याने ती ठरलेल्या ग्रुपला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी गाडी आहे. एसटीसारखं वाटेत माणसं चढवत-उतरवत जाणं हे स्टेज कॅरेज, त्याचं परमिट वेगळं. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण रोज बघतो. आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट मिळत असल्याने जिथं कर कमी आणि कागद सोपे तिथं नोंदणी केली जाते. बेकायदेशीर असेलच असं नाही, पण ज्या बसने तुम्ही रात्रभर झोपून जाणार तिची तपासणी हजारो किलोमीटर लांबच्या ऑफिसच्या कागदावर झालीय, एवढं लक्षात असू द्या.

आता ड्रायव्हर.

डिसेंबरात ती विमानं का रद्द झाली? पायलटच्या ड्युटीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीची लँडिंग आठवड्याला सहावरून दोन. कंपनीने त्या हिशेबाने पुरेसे पायलट तयार ठेवले नव्हते, नियमाबाहेर कोणाला कॉकपिटमधे बसवता येत नव्हतं, म्हणून विमान जमिनीवर राहिलं. लोक चिडले, मीही चिडलो असतो, सरकारने मग त्या कंपनीला काही महिन्यांची सूटही दिली. पण त्यातली मूळ गोष्ट बघा: थकलेला माणूस चालवायला नको म्हणून वाहन निघालंच नाही.

ट्रॅव्हल्स ड्रायव्हर झोपला नाही म्हणून रद्द झाल्याचं कधी ऐकलंय? कायदा तिथंही होता, मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा, दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा, लांबच्या मार्गाला थोडी सूट; नोव्हेंबर २०२५ मधे तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला. पण पायलटची प्रत्येक मिनिटाची नोंद होते आणि बस ड्रायव्हरची कोण ठेवतो? दिवाळीत त्या जास्तीच्या बस निघतात तेव्हा जास्तीचे ड्रायव्हर आकाशातून पडत नाहीत. सकाळी नागपूरला पोचलेलाच ड्रायव्हर संध्याकाळी परत निघतो, दिवसभर बसच्या डिकीत नाहीतर पेट्रोल पंपावर कुठंतरी पडून झोपलेला असतो, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात.

त्यात समृद्धी सरळ आहे. सिग्नल नाही, गाव नाही, चौक नाही, तासनतास तोच काँक्रीटचा पट्टा. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू बधिर होतो, त्याला रोड हिप्नोसिस म्हणतात, आणि रात्री दोन ते पाच ही तशीही शरीराची सगळ्यात सुस्त वेळ. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर जी बस उलटून पेटली ती नागपूरहून पुण्यालाच येत होती. २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली, दार खाली दबलं, काच फोडून जे बाहेर पडले ते वाचले. त्याच्या आदल्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२२ ला, यवतमाळहून मुंबईला निघालेली स्लीपर बस पहाटे नाशिकमधे ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले.

घाबरवायला सांगत नाहीये. रोज शेकडो बस नीट पोचतात. पण बसमधे चढल्यावर दोन मिनिटं काढून बघायच्या गोष्टी आहेत: ड्रायव्हर दोन आहेत का (चढतानाच विचारा, लाजू नका), आपत्कालीन दार कुठंय आणि त्याच्या पुढे कोणी गादी किंवा सामान टाकलंय का, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, की नुसताच हुक आहे. डिकीत पार्सलचे डोंगर, त्यात एखादी मोटरसायकल टाकीतल्या पेट्रोलसकट चाललीय का. अशी बस दिसली तर मी दोनशे रुपये जास्त देऊन दुसरी घेतो. मधला लोअर बर्थ घ्यावा, शेवटच्या रांगेत हाडं खिळखिळी होतात.

फसलं तर हातात काय राहतं

तिकीट काढताना हे कोणी बघत नाही. विमान सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. ऐनवेळी रद्द झालं आणि कारण कंपनीचंच असेल, तर प्रवासाच्या वेळेनुसार ५ ते १० हजारांपर्यंत भरपाईची तरतूद आहे, फक्त हवामान, संप वगैरे कारणं त्यातून वगळलेली आहेत, आणि कंपन्या कारण कुठलं लिहितात यावर बरंच अवलंबून.

रेल्वेत गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर पूर्ण पैसे परत मिळतात. अट अशी की गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी टीडीआर भरायचा. टीडीआर म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, आयआरसीटीसीच्या खात्यातच असतो. लोक गाडी गेल्यावर भरतात आणि मग रेल्वेला शिव्या देतात.

ट्रॅव्हल्सला असा एकच नियम नाही. ॲपवर तिकिटाखाली बारीक अक्षरात त्या ऑपरेटरची अट असते तीच लागू. एसी स्लीपर म्हणून दाखवली आणि आली भलतीच बस, हे माझ्याबरोबर झालंय, रात्री अकराला वाघोलीच्या पुलाखाली कोणाशी भांडणार, बसलो गपचूप. म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा, इंटरव्ह्यू किंवा कोर्टाची तारीख असेल तर बस टाळतो, आणि विमान घेतलंच तर सकाळचं पहिलं घेतो, कारण दिवसभराचा उशीर साचत साचत संध्याकाळच्या विमानावर येऊन बसतो.

आईबाबांना पाठवायचं असेल तर

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मधे बंद झाली ती परत आलेली नाही, त्यामुळे बाबांना अजून "आपल्याला चाळीस टक्के माफ" वाटत असेल तर आता तसं नाही हे समजवा. लोअर बर्थ मात्र वय नीट टाकलं तर शक्यतो मिळतो. एसटीत उलट आहे, ७५ च्या वर फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायकांना वय कितीही असो अर्धं तिकीट. आईला एकटीला यायचं असेल तर पैशाच्या हिशेबाने एसटीला तोड नाही, कंबरेच्या हिशेबाने मात्र बारा-चौदा तास बसून येणं कठीण. बसमधे अजून एक अडचण जी बायका सांगतात आणि पुरुषांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे बाथरूम. बस थांबेल तिथं आणि थांबेल तेव्हा. कित्येक जणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. डायबिटीसवाल्या माणसाला रात्रीच्या बसने पाठवूच नका, या एका कारणासाठी मी घरच्यांसाठी दहा दिवस वेटिंगकडे बघत बसायला तयार असतो.

विमान म्हाताऱ्यांना झेपतं, व्हीलचेअर आधी सांगून ठेवली की गेटपासून सीटपर्यंत नेतात. फक्त १५ किलोची बॅग आणि ७ किलोचं हातातलं या मर्यादेत आपल्या आईची सांडगे-पापड-लोणची कशी बसवायची हे ज्याने त्याने बघावं. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत असेल तर सिक्युरिटीला अडवतात, ती चेक-इनमधेच टाका, तीन पिशव्यांत गुंडाळून.

परतीचं काय

जायचं तिकीट सगळे काढतात, अडकतात ते परतीला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळा विदर्भ पुण्याकडे निघतो, आणि ६० दिवसांचा नियम असल्याने परतीचं बुकिंग जाण्याच्या बुकिंगनंतर चार-सहा दिवसांनी उघडतं, तोवर लोक विसरलेले असतात. दोन्ही तारखांचे अलार्म लावा, सकाळी आठच्या पाच मिनिटं आधीचे. परत येताना नागपूर-अजनीहून सुटणारी गाडी बघा, हावड्याहून येणारी नको, ती आधीच हजार-अकराशे किलोमीटर चालून आलेली असते आणि थंडीत तर कधी तीन तास, कधी सहा तास लेट. रेल्वे दिवाळीत स्पेशल गाड्या सोडते, भाडं थोडं जास्त असतं आणि वाटेत थांबत थांबत येतात, पण त्यांची घोषणा उशिरा होत असल्याने तिकीट मिळायची शक्यता चांगली. वेटिंग असेल तर सोबत ट्रॅव्हल्सचंही एक तिकीट काढून ठेवायचं आणि चार्ट लागला की एक रद्द करायचं असं बरेच जण करतात, मीही केलंय, फक्त त्या ऑपरेटरच्या अटीत किती तास आधीपर्यंत पैसे परत आहेत ते तिकीट काढायच्या आधी वाचा, कारण काही जण बारा तासांच्या आत एक रुपया देत नाहीत आणि तुमचा चार्ट लागतो आठ-दहा तास आधी.